पावसाआधी पत्र्यावर चढणाऱ्या पोरांना हाइटचं ट्रेनिंग कसं द्यायचं

एप्रिल संपत आला की चाकण, भोसरी, रांजणगाव, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत जा, शेडच्या पत्र्यावर माणसं दिसायला लागतात. गटर साफ करा, फुटलेले पत्रे बदला, जे-बोल्टचे (पत्रा धरून ठेवणाऱ्या वाकड्या बोल्टचे) वॉशर बदला, गळतं तिथे वॉटरप्रूफिंगची पट्टी मारा, सगळं जूनच्या आत उरकायचं असतं आणि काम जातं एखाद्या छोट्या ठेकेदाराकडे, त्याच्याकडे पाच-सहा पोरं, त्यातली दोन परवाच गावाहून आलेली. गेटवर बेल्ट-हेल्मेट आहे का बघतात, रजिस्टरवर सह्या घेतात, झालं ट्रेनिंग. ४ मार्चला सेफ्टी डे झालेला असतो, बॅनर लागलेला असतो, शपथ पण घेतलेली असते, पण कुठला पत्रा पायाखाली फुटतो हे काय शपथेत येत नाही.

तर हे ट्रेनिंग अर्ध्या दिवसात नीट कसं घ्यायचं ते लिहितोय, सेफ्टी ऑफिसर, मेंटेनन्सवाले आणि ठेकेदार मंडळींसाठी. माझं म्हणणं एकच आहे. बेल्ट घातलाय का हे विचारणं सोडा, हुक कुठे लावलाय ते विचारा. पाठीवर बेल्ट आणि हुक स्वतःच्याच कमरेला अडकवलेला, असा माणूस फोटोत एकदम सेफ दिसतो.

सुरुवातीला मालकाला विचारून घ्या, वर जायची खरंच गरज आहे का? बरीच कामं खालून होतात. शेड रिकामी असेल तर सीझर लिफ्ट (सरळ वर जाणारा प्लॅटफॉर्म) आत आणून पत्र्याचे नट खालून सोडवता येतात, कडेचं गटर बूम लिफ्टच्या (लांब हाताच्या, क्रेनसारख्या गाडीच्या) बास्केटमधून साफ होतं. भाडं जातं हे खरंय, पण पोरांना जुन्या पत्र्यावर चालवायचं नसेल तर ते भाडं द्यावंच. बूमच्या बास्केटमध्येही बेल्ट लागतोच बरं का, आणि हुक बास्केटमधल्या ठरलेल्या कडीला, बाजूच्या खांबाला नाही, कारण बास्केट हलली आणि माणूस खांबाला अडकलेला असला तर काय होईल ते तुम्हीच बघा. मालक खर्चाचं रडगाणं लावेल, तर पडायचा धोका असलेल्या जागी कठडा किंवा दुसरी सोय करायची जबाबदारी कारखान्यावर १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टातच, कलम ३२ मध्ये टाकली होती हे त्याला शांतपणे सांगा.

आता वर जायचंच आहे असं धरू. पोरांच्या आधी मुकादमाला बसवा. आदल्या दिवशी त्याला आणि ठेकेदाराला बोलवा, चहा सांगा, आणि सगळं नीट बोलून घ्या, कारण दुपारी तीन वाजता "दोनच पत्रे राहिलेत रे, फळी सरकवत बसू नको, जा पटकन" असं म्हणणारा तो असतो, तुम्ही तेव्हा मीटिंगमध्ये असता. काम पत्र्यामागे रेटवर दिलंय की हजेरीवर ते पण विचारा. पत्र्यामागे पैसे असतील तर पोरं घाई करणार म्हणजे करणारच, तिथे तुमचं ट्रेनिंग कितीही भारी असू दे. मी तरी वरचं काम हजेरीवर करायला लावतो, ठेकेदार कुरकुरतो पण ऐकतो.

ट्रेनिंगच्या दिवशी सकाळी तब्येत. बीपी बघा, चक्कर येते का, फिट येते का, डोळ्यांचं काय, आणि रात्री घेतली होती का. इथे लोक खोटं बोलतात आणि त्याला कारण आहे, खरं बोललं की त्या दिवसाची हजेरी बुडते. म्हणून आधीच जाहीर करून टाका की ज्याला आज वर जायला जमत नाही त्याला खाली काम मिळेल आणि हजेरी पूर्ण मिळेल. एवढं एक वाक्य बोललात की दोघं-तिघं आपोआप पुढे येतात, एखादा रात्रपाळी करून आलेला निघतो, एकाचा उपास निघतो, रिकाम्या पोटी मे महिन्यात पत्र्यावर जाणं म्हणजे चक्कर ठरलेलीच. काहीतरी खायला घाला आणि मग सुरू करा.

एसी रूम आणि पीपीटी नको. शेडच्या बाजूला सावलीत उभं राहून हिंदीत बोला, कारण निम्मी पोरं झारखंड-बंगालची असतात, आणि बोलण्यापेक्षा करून दाखवा. एका बॅचला दहा-बारा माणसं पुरे, त्यापेक्षा जास्त झाली की मागची मोबाइल काढतात.

पहिला तास पत्र्याचा. भंगारात पडलेले जुने सिमेंटचे पत्रे असतातच, त्यातला एक घ्या, दोन चॅनेलवर जमिनीपासून दोन फुटांवर ठेवा, अगदी वर बसवतात तसाच. पोरांना लांब उभं करा, नाकाला मास्क लावायला सांगा आणि पत्र्यावर पाणी मारून घ्या, कारण जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि ती धूळ छातीत जायला नको. मग पन्नास किलोची वाळूची गोणी गुडघ्याएवढ्या उंचीवरून मधोमध सोडा. पत्रा वाकत नाही, करकरत नाही, काही इशारा देत नाही, एकदम तुकडे होऊन गोणी खाली. पोरं गप्प होतात. कारण त्यातल्या प्रत्येकाला वाटत असतं की फुटायच्या आधी आवाज येईल आणि आपण उडी मारून बाजूला होऊ. मग सांगा की सहा मीटरवरून खाली यायला एक सेकंदाच्या वर थोडासाच वेळ लागतो आणि जमिनीवर येताना स्पीड ताशी चाळीस किलोमीटरच्या जवळ असतो. हे आकडे गोणी फुटल्यानंतर सांगायचे, आधी सांगितले तर कोणी ऐकत नाही.

त्यानंतर उजेडाचे पत्रे. प्लॅस्टिकचे किंवा फायबरचे पारदर्शक पत्रे शेडमध्ये अधेमधे बसवलेले असतात, पाच-सात वर्षांत पिवळे पडतात, वरून धूळ बसते, एखाद्या शहाण्याने शेड रंगवताना त्याच्यावर पण रंग मारलेला असतो, आणि मग वरून बघितलं तर ओळखूच येत नाहीत. हे दाखवायला पोरांना शेडच्या आत घेऊन जा आणि वर बघायला लावा. आतून उजेडाचे चौकोन स्पष्ट दिसतात. कागदावर शेडचा नकाशा काढा, चौकोन पोरांकडूनच भरून घ्या, खांब कुठे, गटर कुठे, जिना कुठे, आणि तो कागद वर जाताना मुकादमाच्या खिशात. मला विचाराल तर अख्ख्या ट्रेनिंगमधली ही पंधरा मिनिटं सगळ्यात मोलाची आहेत.

जुन्या पत्र्यावर पाय ठेवायचाच नाही, फळीवर ठेवायचा. फळी एवढी लांब हवी की खालच्या किमान दोन पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर, टेकेल, आणि सरकू नये म्हणून बांधलेली हवी. पर्लिन कुठे आहे ते वरून बोल्टच्या रांगेवरून कळतं. आता काही जुने मिस्त्री सांगतील की बोल्टच्या रांगेवर पाय टाकत गेलं की काही होत नाही, आम्ही वीस वर्षं असंच चालतो. त्यांच्याशी वाद घालू नका, पण ती रांग म्हणजे दोन बोटं रुंद वाट आणि हातात पत्रा धरलेला असताना तिथे पाय पडेलच याची गॅरंटी कोण देणार. दोन फळ्या हव्यात, एकीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवायची. एकच फळी दिली तर ती सरकवताना माणूस पत्र्यावरच उभा राहतो. आणि शक्य असेल तिथे पत्र्याखाली जाळी बांधा, फळीवरून तोल गेला तरी जाळी असते.

मग बेल्ट. कमरेचा नुसता पट्टा आणला असेल तर तो तिथेच बाजूला ठेवून द्या, पडल्यावर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. फुल बॉडी हार्नेस पाहिजे, दोन दोऱ्यांचा आणि दोन हुकांचा, आणि दोरीला शॉक अ‍ॅब्झॉर्बरचं, म्हणजे पडल्यावर उघडून झटका कमी करणारं, शिवलेलं चपटं पाकीट. बेल्ट बांधकाम कामगार मंडळाच्या सुरक्षा संचातला असो, ठेकेदाराचा असो की कंपनीच्या स्टोअरचा, चेक सगळ्यांना सारखाच. पट्टी बोटांत धरून उलटी वाकवत इंच इंच बघायची, कट, जळलेली जागा, वेल्डिंगच्या ठिणगीचं भोक, रंग किंवा थिनर सांडून कडक झालेला भाग. शिलाई तुटलेली नको. हुकाचं तोंड आपोआप बंद व्हायला पाहिजे आणि उघडायला दोन हालचाली लागल्या पाहिजेत, एकाच दाबाने उघडत असेल तर नको. लेबल वाचता आलं पाहिजे, त्यावर आयएस ३५२१ किंवा ईएन ३६१ हा स्टँडर्डचा नंबर, बनवल्याची तारीख आणि किती किलोपर्यंत चालतो ते असतं, आणि किलोमध्ये हत्यारं पण धरायची. अ‍ॅब्झॉर्बरचं पाकीट फाटलेलं असेल तर बेल्ट कोणीतरी एकदा वापरून झालाय असं समजा. एकदा झटका बसलेला बेल्ट बाद, कापून टाका, नुसता कोपऱ्यात ठेवला तर पुढच्या ठेकेदाराचा पोरगा तोच उचलतो.

घालायचा कसा ते एकाने दाखवायचं आणि बाकीच्यांनी जोडीने एकमेकांचं तपासायचं. पाठीची डी-रिंग, म्हणजे दोरी जोडायची कडी, दोन खवाट्यांच्या मधोमध यायला हवी, छातीचा पट्टा छातीवरच, गळ्याजवळ नाही, मांडीच्या पट्ट्यात सपाट हात जाईल पण मूठ जाणार नाही एवढा घट्ट. मांडीचे पट्टे लोक सोडून ठेवतात, चालताना टोचतात म्हणून. त्याच्यावर एकच औषध, लटकवून बघायचं. मजबूत बीमला चेन ब्लॉक लावा, पोराला पाय जमिनीपासून वीतभर सुटतील एवढंच उचला, बाजूला एक जण स्टूल घेऊन तयार, आणि मिनिटभराच्या वर नाही. ढिला पट्टा कुठे रुततो ते त्याला स्वतःलाच कळतं, खाली उतरल्यावर न सांगता घट्ट करतो.

आता हुक, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय. शेडमध्ये पोरांना फिरवा आणि विचारा, हुक कुठे लावशील? बोटं हमखास जातात ती पाण्याच्या पाइपकडे, केबल ट्रेकडे, गटरच्या ब्रॅकेटकडे, फायर लाइनकडे, जे-बोल्टकडे. यातलं एकही नाही. पडणारा माणूस सत्तर किलोचा असला तरी झटका त्याच्या कितीतरी पट असतो, म्हणून एका माणसाचा अँकर, म्हणजे हुक लावायची जागा, दोन हजार किलोच्या वर झेलणारा असावा असा हिशोब धरतात. ट्रसचा (छत पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याचा) मुख्य मेंबर, कॉलम, किंवा इंजिनिअरने तपासून बसवलेली लाइफलाइन (हुक अडकवायला ताणून बांधलेली दोरी), एवढंच. ट्रसला दोरी थेट बांधू नका, स्लिंग वापरा आणि धार असेल तिथे खाली जाड पट्टी घाला, अँगलच्या कडेवर ताणलेली पट्टी सुरीने कापल्यासारखी जाते. लाइफलाइन ओढली तर ती एका वेळी किती माणसांसाठी आहे ते तिथेच पाटीवर लिहा, नाहीतर चारही जण एकाच दोरीवर.

उंचीचा हिशोब भिंतीवर खडूने काढून दाखवा, तोंडी सांगून कोणाच्याच डोक्यात जात नाही. हुक पायाच्या लेव्हलला लावला असेल तर हुकाच्या खाली १.८ मीटर दोरी, अ‍ॅब्झॉर्बर उघडला तर जास्तीत जास्त पावणेदोन मीटर, डी-रिंगपासून पायापर्यंत दीड मीटर, आणि शिवाय एक मीटर मार्जिन. बेरीज सहा मीटरच्या वर जाते. तुमची शेड कडेला सहा मीटर आणि खाली दोन मीटर उंच प्रेस मशीन, म्हणजे बेल्ट बरोबर, हुक बरोबर आणि माणूस तरी मशीनवर आपटणार. म्हणून हुक शक्य तितका डोक्याच्या वर, नाहीतर स्वतः गुंडाळणारा ब्लॉक वापरा जो लगेच पकडतो, पण तो आडवा वापरायला चालतो का ते त्याच्या लेबलवर बघा, सगळे चालत नाहीत. कडेला काम असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे दोरीच एवढी आखूड ठेवायची की कडेपर्यंत पोचताच येणार नाही. नाजूक पत्र्यावर मात्र आखूड दोरीचा उपयोग नाही, तिथे खड्डा पायाखालीच असतो, तिथे फळी आणि जाळीच. आणि अँकर एकीकडे आणि माणूस दहा फूट बाजूला असं नको, पडला की झोका घेत जाऊन कॉलमवर आदळतो.

दोन हुकांनी चालायची सवय जमिनीवर लावा. दोन खांबांमध्ये कमरेएवढी दोरी बांधा, मध्ये दोन-तीन ठिकाणी गाठी किंवा ब्रॅकेट, आणि प्रत्येकाने या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. नवा हुक लागल्याशिवाय जुना काढायचा नाही, एवढाच नियम. दोन्ही हुक सुटलेले दिसले की बाकीच्यांनी ओरडायचं आणि परत पहिल्यापासून. पोरं याचा खेळच करतात, करू द्या, हात आपोआप बसतो. शिडीचं फार बोलत नाही, चार फूट उंचीला एक फूट बाहेर, वर टेकते तिथून मीटरभर पुढे आलेली, वरून बांधलेली, आणि चढताना हातात काही नाही. हत्यारं दोरीने बांधलेली, सामान दोरीने वर ओढायचं, आणि खाली पट्टी बांधून एक माणूस उभा, कारण वरून सुटलेला पाना खालच्याला पण मारतो.

मग येतो तो भाग जो बहुतेक ट्रेनिंगमध्ये नसतोच. बेल्टने पकडलं, माणूस वाचला, आता तो सहा मीटरवर लटकतोय. उतरवणार कोण आणि कशाने? लटकलेल्या माणसाचं रक्त पायात साठायला लागतं, मांडीचे पट्टे दाबलेले असतात, चक्कर येते, शुद्ध जाते, आणि हे काही मिनिटांत होऊ शकतं. १०१ ला फोन करा जरूर, पण अग्निशमनची गाडी यायची वाट बघत बसणं हा काही प्लॅन नव्हे. काम सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं पाहिजे की लिफ्ट कुठे उभी आहे, चावी कोणाकडे आहे, ती चालवता कोणाला येते, किंवा रेस्क्यूची दोरी आणि पुली कुठे ठेवलीय. ट्रेनिंगमध्ये ऐंशी किलोचा डमी लटकवा, नसेल तर गोण्यांना हार्नेस घाला, आणि घड्याळ लावून उतरवायला लावा. पहिल्या वेळी हमखास गोंधळ होतो, लिफ्टची बॅटरी उतरलेली निघते, चावी स्टोअरमध्ये आणि स्टोअरवाला जेवायला. ते त्या दिवशी कळलेलं बरं. लटकलेल्याने पाय हलवत राहायचं, बेल्टला पाय टेकायची पट्टी असेल तर त्यात उभं राहायचं. खाली आणल्यावर आडवं झोपवा, श्वास बघा, १०८ ला फोन करा, आणि तो "मी ठीक आहे" म्हणाला तरी दवाखान्यात पाठवा.

एक गोष्ट मोठ्याने बोलवून घ्यायची असते. प्रत्येक पोराने मुकादमासमोर उभं राहून म्हणायचं, "हुक लावायला जागा नाही, मी चढणार नाही." पहिल्यांदा हसतात, लाजतात, मुकादमाकडे बघतात. मुकादमाने उत्तर द्यायचं, "ठीक आहे, उतर, बघू काय करायचं." हे नाटक वाटेल, पण अठरा वर्षांच्या पोराला ज्या माणसाने गावाहून आणलंय त्याला नाही म्हणणं सोपं नसतं, एकदा तोंडातून निघालेलं असलं की दुसऱ्यांदा निघतं.

परीक्षा कागदावर नको. दहा बेल्ट मांडा, त्यात तीन खराब मिसळा, शोधून काढायला सांगा. स्वतःचा बेल्ट कोणाच्या मदतीशिवाय घालायला लावा. दोन हुकांनी चालून दाखवायचं, आणि शेडमध्ये हुकाची एक बरोबर जागा आणि एक चुकीची जागा बोटाने दाखवायची. ज्याला जमलं त्याला हाइट पास, नाव, फोटो, तारीख, आणि हेल्मेटवर स्टिकर, म्हणजे खालून बघूनच कळतं की वर गेलेला पासवाला आहे का. ज्याला जमलं नाही त्याला दुसऱ्या दिवशी परत. नवीन पोरगा मध्येच आला तर त्याचं ट्रेनिंग झाल्याशिवाय वर नाही, मग ठेकेदार कितीही म्हणू दे की माझ्या मेव्हण्याचा मुलगा आहे, सगळं येतं त्याला.

कामाच्या दिवशी सकाळी साडेसहाला सुरू करा, अकराच्या आत वरचं आटपा, त्यानंतर पत्र्याला हात लावला तर भाजतो आणि घामाने हुक निसटतो. वर जायचं लेखी परमिट रोजच्या रोज, आणि सही करणाऱ्याने शिडीपर्यंत तरी जाऊन यावं, केबिनमध्ये बसून सही नाही. संध्याकाळी परमिट बंद करताना वर किती गेले आणि खाली किती आले ते मोजा. वळवाचं आभाळ आलं, लांब कुठे गडगडलं, तर थेंब पडायची वाट बघू नका, सगळे खाली, आणि पाऊस थांबल्यावर लगेच वर नाही, ओल्या पत्र्यावर बूट टिकत नाही. भिजलेले बेल्ट सावलीत टांगून वाळवा, उन्हात किंवा बॉयलरजवळ नाही, आणि वाळल्यावर परत एकदा शिलाई बघून मगच स्टोअरला जमा करा.